पावसाळ्यात चामड्याची निगा: जॅकेट, पट्टा, पर्स, पाकीट आणि कोल्हापुरी

रापी:

दरवर्षी जुलै उजाडला की तोच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. कपाटातल्या जॅकेटला बुरा आला, पट्ट्याला कुबट वास येतोय, पर्सच्या दांड्या चिकट झाल्या. म्हणून सगळं एका धाग्यात आणतो आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे टोकावं.

चामड्याच्या निगेबद्दल नेटवर जे सल्ले मिळतात ते बहुतेक थंड, कोरड्या देशांतले असतात. तिथे घरात हीटर चालतो, हवा कोरडी पडते आणि चामडं सुकून चिरतं, म्हणून सारखं कंडिशनर लावायला सांगतात. मुंबई, कोकण, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यात चार महिने नेमकं उलट असतं. इथे चामडं सुकून कमी खराब होतं, सादळून जास्त. हवेतली आर्द्रता सलग ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी रुजते, आणि भर पावसाळ्यात मुंबईत ती दिवसचे दिवस ८० च्या पुढे असते. अशा हवेत तेल चोपडून वस्तू कपाटात ठेवली, तर बुरशीला ओलावाही मिळतो आणि खायलाही मिळतं.

म्हणून खरं काम मे महिन्यात करायचं. ते काम तेल लावण्याचं नाही, मीठ काढण्याचं आहे. जॅकेटची कॉलर आणि मनगट, पट्ट्याची आतली बाजू, घड्याळाचा पट्टा, पर्सची दांडी या जागी घामातलं मीठ साठतं. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. जुलैत मिठाच्या बरणीत जे दिसतं तेच कॉलरच्या आत चालू असतं. मीठ आत आहे तोवर तो भाग पावसाळाभर पूर्ण कोरडा होतच नाही, आणि बुरशीही नेमकी तिथूनच सुरू होते.

पद्धत अशी. आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढा, शिवणीच्या खाचेत टूथब्रश चालतो. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात बेबी शांपूचे ४-५ थेंब टाका. जुना सुती पंचा त्यात बुडवून इतका घट्ट पिळा की तळहातावर दाबला तरी थेंब सुटू नये. मग एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा अख्खा तुकडा एका दमात पुसा. मध्येच थांबलात तर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर डागाची रेघ उमटते आणि ती नंतर जात नाही. त्यानंतर नुसत्या पाण्याचा पिळलेला पंचा दोनदा फिरवा आणि पंख्याखाली २४ तास ठेवा. ऊन गादी-गोधडीला दाखवावं, चामड्याला नको.

अंगाचा किंवा कपड्यांचा साबण अजिबात वापरू नका. कमावलेल्या चामड्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ असतो, साबणाचा ९-१०. चामडं क्षाराकडे झुकलं की तंतूंमध्ये मुरलेलं तेल सुटतं, रंग सैल होतो आणि सुकल्यावर तो भाग कडक लागतो. कडक झाला म्हणून आपण तेल लावतो, तेलानं बुरशी येते, आणि मग तीच साबणानं धुतो.

आता आपल्या हातात नेमकं काय आहे ते ओळखायचं. लपलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवून मिनिटभर थांबा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर वर रंगाचा थर आहे. बाजारातली बहुतेक जॅकेटं आणि पर्स अशाच असतात, आणि हे चामडं सोशिक. थेंब आत शिरून गडद ठिपका पडला तर चामडं उघडं आहे. त्यावर पाणी, स्पिरिट, तेल सगळंच जपून. कापलेली कड दिसत असेल तर तीही बघा. आतला गाभा निळसर-राखाडी असेल तर क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. आरपार तपकिरी असेल तर सालीनं, म्हणजे बाभूळ-हिरड्यासारख्या वनस्पतींच्या काढ्यानं कमावलेलं. मात्र काळ्या चामड्याचा गाभाही कधी कधी रंगवलेला असतो, तिथे थेंबावरच विसंबा. पुढच्या सगळ्या सूचना यावर ठरतात.

तेल-कंडिशनर दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. मेमध्ये नाही.

निळाई:

उत्तम धागा. काळ्या पर्सवर पांढरट थर आलाय. पुसला की जातो, आठवड्यानं परत येतो. ही बुरशीच ना? वास तसा काही नाही.

सुईदोरा:

निळाई, वास नाही म्हणता म्हणून आधी खात्री करा. पांढरा थर दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे.

हेअर ड्रायर मंद आचेवर, १५-२० सेंटिमीटर लांबून १०-१५ सेकंद त्या जागेवर धरा. थर विरघळून दिसेनासा झाला तर ती बुरशी नाही, चामड्यातली चरबी वर आलेली आहे. जसाच्या तसा राहिला तर बुरशी. भिंगातूनही फरक कळतो. बुरशी कापसाच्या तंतूंसारखी, गोल ठिपक्यांनी पसरते. चरबी दाणेदार, धुक्यासारखी सपाट असते आणि घडीवर जास्त दिसते.

चरबी असेल तर गरम असतानाच कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. दोन-तीन वेळा केल्यावर कमी होते. याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रमाणाबाहेर लावलेलं, गारव्यात थिजणारं तेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. दिवाळीत पर्स खोबरेलानं चमकवली तर डिसेंबरात पुण्याच्या थंडीत ती पांढरी दिसणारच. चामडं त्यानं खराब होत नाही, पण पुन्हा खोबरेल लावू नका.

बुरशी असेल तर वस्तू आधी खोलीबाहेर न्या. पंख्याखाली झटकली तर बीजाणू घरभर उडतात आणि शेजारच्या कपड्यांवर बसतात. मास्क लावा. मऊ ब्रशनं एकाच दिशेनं, वस्तूपासून लांब झाडा. तो ब्रश पुढे फक्त याच कामाला ठेवा. मग औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट. वर रंगाचा थर असलेल्या चामड्यावर तसंच चालेल, उघड्या चामड्यावर तेवढंच पाणी मिसळून. पण त्याआधी अस्तराजवळच्या लपलेल्या जागी पांढऱ्या फडक्यानं १० सेकंद दाबून बघा. फडक्याला रंग आला तर तिथेच थांबा आणि कोरड्या ब्रशवर भागवा. रंग आला नाही तर बोळ्यानं टिपत जायचं, घासायचं नाही, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं. खिसे आणि अस्तर उलटे करून तिथेही. त्यानंतर ४८ तास पंख्यासमोर. आठव्या दिवशी पुन्हा तपासा.

स्पिरिटनं सगळे बीजाणू मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. वरची बुरशी उचलली जाते आणि पाणी लवकर उडतं, एवढंच त्याचं काम. ठेवण्याची जागा कोरडी केली नाही तर थर परत येणार. काळे ठिपके चामड्यात खोल उतरले असतील तर ते डाग कायमचे. ब्लीच कधीही नको, तो चामड्याचे तंतूच खातो. सॅनिटायझरचं जेलही नको. त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं आणि जागा चिकट होते. पर्सच्या दांड्या पांढुरक्या किंवा चिकट होण्याचं एक मोठं कारण म्हणजे सॅनिटायझर लावलेला ओला हात. हात सुकल्यावरच दांडी धरा.

वऱ्हाडी_ऊन:

रापी, तुमचं म्हणणं किनारपट्टीपुरतं बरोबर आहे, अख्ख्या महाराष्ट्राला लागू करू नका. नागपूर, अकोला, चंद्रपूरला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांखाली. तिथे मेमध्ये नुसतं पाण्यानं पुसून सोडलं तर सालीनं कमावलेला पट्टा बक्कलच्या घडीवर चिरतो. आमच्याकडे तेलाचा हात फेब्रुवारीअखेर, उन्हाळा लागण्याआधी द्यावाच लागतो.

आणखी दोन गोष्टी आमच्याकडे जास्त घडतात. एक म्हणजे कूलर. खोली बंद असेल तर कूलरसमोरची हवा रात्रभर दमट राहते. त्या झोतात खुंटीवर टांगलेल्या पर्सला भर मे महिन्यात बुरा येतो आणि लोकांना कारण सापडत नाही. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडतात, त्यांचे पांढरे ठिपके वेगळेच. चामडं कूलरच्या रेषेत टांगू नका.

दुसरं, उन्हात उभी केलेली गाडी. बंद गाडीत आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं, डॅशबोर्ड त्याहून गरम. सालीनं कमावलेलं चामडं ओलं असेल तर साधारण ७०-८० अंशांना त्याचे तंतू आकसतात. आकसलेलं परत ताणलं जात नाही, ते खडबडीत आणि ठिसूळच राहतं. घामानं ओला पट्टा किंवा पाकीट डॅशबोर्डवर ठेवणं म्हणजे ते शिजवणंच आहे. क्रोमचं चामडं याहून जास्त उष्णता सोसतं, पण चिकटवलेल्या कडा त्याच्याही सुटतात.

रापी:

वऱ्हाडी, मान्य. विदर्भ-मराठवाड्यासाठी वेळापत्रक वेगळं हवं: फेब्रुवारीअखेर तेल, जूनच्या सुरुवातीला कोरडी-ओली सफाई, पावसाळ्यात हात लावायचा नाही.

तेलाचं आता सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

जवसाचं तेल चामड्याला कधीही नाही. ते हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं, रंगकामात ते त्यासाठीच वापरतात. चामड्याच्या तंतूंमध्ये ते घट्ट झालं की घडी पडताच चीर. सूर्यफूल आणि सोयाबीन त्याच जातीची, जरा सौम्य. काही महिन्यांत चिकट होतात आणि खवट वास सुटतो. एरंडेल सुकत नाही, म्हणून ते चांगलं. पण दाट असल्यानं आत मुरायला वेळ घेतं. खोबरेल लवकर खवट होत नाही, मुरतंही. मात्र थंडीतला पांढरा थर वर सुईदोरा यांनी सांगितलाच आहे, आणि हलक्या रंगाचं चामडं त्यानं कायमचं गडद होतं. खोगीर-लगामवाले परंपरेनं गुरांच्या नडगीच्या हाडांतलं तेल वापरतात. सालीनं कमावलेल्या जाड चामड्याला ते उत्तम.

वर रंगाचा थर असलेल्या जॅकेटला किंवा पर्सला यातलं कुठलंच तेल लावू नका. थरातून ते आत जातच नाही, शिवणीच्या भोकांतून शिरतं आणि आतला गोंद सैल करतं. दांडीची कड उकलते ती बऱ्याचदा यामुळे. तिथे पाणीदार क्रीम कंडिशनर घ्या. अख्ख्या जॅकेटला १०-१५ मिली पुरतं. फडक्याला लावून मग चामड्यावर, थेट ओतायचं नाही. अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं चोळून उरलेलं काढून टाका. हात फिरवल्यावर बोट सरकतं आणि चिकटत नाही, एवढंच हवं.

उघड्या जाड चामड्यासाठी, म्हणजे पट्टा, जुनी झोळी, चपलेचे पट्टे यांसाठी घरी लेप करता येतो. मधमाश्यांचं मेण १ भाग, एरंडेल किंवा नडगीचं तेल ४ भाग. मेण ६२-६५ अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा, थेट आचेवर नको. थंड झाल्यावर तुपासारखं दिसतं. पट्ट्याला हरभऱ्याएवढा गोळा दोन्ही बाजूंना मिळून पुरे. मेण वरून पाणी अडवतं, तेल आत तंतूंना सैल ठेवतं.

आणि एक. बुटाचं रंगीत पॉलिश जॅकेटवर किंवा पर्सवर चालवू नका. त्यातला रंग आणि मेण पक्के बसत नाहीत, शर्टाला आणि ओढणीला लागतात.

करवीरकर:

कोल्हापुरीबद्दल मी लिहितो, कारण तिला जॅकेटचे नियम लावले की ती बिघडते.

कोल्हापुरी सालीनं कमावलेल्या कातड्याची, बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेली; तळ बहुधा म्हशीच्या कातड्याचा. अस्सल चपलेत खिळा नसतो, थर चामड्याच्या वादीनं शिवलेले असतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे आहेत. घेताना कड बघा. थर दिसले पाहिजेत, वादीचा टाका खालीपर्यंत आलेला दिसला पाहिजे, आणि ओल्या बोटाचा ठसा लगेच गडद उमटला पाहिजे.

नवी चपल दोन-तीन तास घालून लगेच फिरू नका. अंगठा (अंगठ्याचा वेढा), पट्टा आणि दोन्ही बाजूंचे कान, म्हणजे पायाला लागणारे भाग, यांना आतल्या बाजूनं तेलाचं बोट फिरवा. जोडीला एक लहान चमचा, ५ मिली, पुरे. रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. पहिला आठवडा रोज तासभरच घाला. तेवढ्यात चामडं पायाचा आकार धरतं. अंगठा फार घट्ट वाटला तर त्या एका भागाला आतून ओलसर बोट लावून तेवढं चालायचं. सगळी चपल भिजवून पाय घालण्याचा सल्ला देतात तो चुकीचा. तळ फुगला की वादीचे टाके ताणले जातात, सुकल्यावर थर आणि टाका यांच्यात फट राहते आणि माती आत शिरते. त्या मातीनं वादी आतून कापली जाते.

पावसात भिजलीच तर: माती ओली असतानाच फडक्यानं काढा, सुकल्यावर खरवडू नका. जोड भिंतीला टेकवून उभा ठेवा, तळ भिंतीकडे नको, हवेकडे हवा. दोन दिवस सावलीत. वर्तमानपत्राची गुंडाळी अंगठ्यात आणि कानांच्या मधे घाला आणि दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर पट्टे आकसून चपटे बसतात. पूर्ण कोरडी व्हायच्या जरा आधी, हाताला गार लागते पण ओल येत नाही अशा वेळी, अगदी थोडं तेल द्या. पाणी बाहेर जाताना तेल आत खेचलं जातं आणि चामडं वाळून लाकडासारखं होत नाही. गॅसशेजारी, फ्रिजच्या मागे किंवा उन्हात ठेवलेली चपल टाचेकडून वर उचलते आणि ती वाक परत सरळ होत नाही.

खाली रबर लावायचं असेल तर क्रम पाळा. आधी रबर, मग तेल. तेल प्यायलेल्या तळाला सोल्युशन धरत नाही, महिन्याभरात रबर सुटतं. तळ खरखरीत कागदानं घासून घ्या, रबरही घासा, दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात द्या, १०-१५ मिनिटं थांबा, बोटाला तार येईनाशी झाली की मगच जोडून ठोका. ३-४ मिलिमीटर जाडी पुरते. मात्र रबर लावलेली चपल भिजली तर दुप्पट वेळ सुकवा, कारण खालून ओल निघायला वाट उरत नाही.

मांडवी_काठ:

गोव्यात आणि कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे चामड्याआधी धातू जातो, त्याबद्दल.

पितळेच्या रिपिटाभोवती किंवा बक्कलच्या मुळाशी हिरवं, मेणासारखं काहीतरी साचतं. पुष्कळ जण त्याला बुरशी समजतात. ते तांब्याचा आणि चामड्यातल्या चरबीचा संयोग होऊन तयार होतं, म्हणून जास्त तेल लावलेल्या वस्तूंवरच जास्त दिसतं. लाकडी टूथपिकनं उकरून काढा, स्टीलच्या टोकानं पितळ ओरखडतं. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीवर जरासं स्पिरिट घेऊन फक्त धातूवर फिरवा. पितांबरीसारखी पावडर लावायची असेल तर चामड्यावर प्लॅस्टिकचा तुकडा खाच पाडून सरकवा. त्यातलं आम्ल चामड्यावर पांढरा डाग पाडतं.

लोखंडी बक्कल गंजली तर गंजाचं पाणी चामड्यात उतरून काळा डाग पडतो, विशेषतः सालीनं कमावलेल्या पट्ट्यात. लोह आणि सालीतलं टॅनिन मिळून शाईच तयार होते. तो डाग सहजी निघत नाही. म्हणून पट्टा ओला झाला की बक्कल सोडवून वेगळी सुकवा. प्रेस बटणाची असेल तर काम सोपं.

निळाई:

ड्रायरनं थर विरघळला, म्हणजे चरबीच. धन्यवाद सुईदोरा. दुसरी एक पर्स आहे, तिचे पोपडे निघतायत, आत कापड दिसतंय. तिला कुठलं क्रीम?

सुईदोरा:

निळाई, आत कापड दिसतंय म्हणजे ते चामडं नाही, कापडावर चढवलेलं पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचा थर आहे. दमट हवेत तो थर रासायनिकरीत्या तुटत जातो. न वापरता कपाटात ठेवलेल्या पर्सलाही हे होतं. कंडिशनर, तेल, रंग, काहीही लावलं तरी थांबत नाही. पोपडे इतर वस्तूंना चिकटतात, तिला वेगळी ठेवा. खरं चामडं चिरतं, सोललं जात नाही. हा फरक दुकानातच ओळखायचा: शिवणीची कड उलटून बघा, विणलेलं कापड दिसलं की समजा.

शिवणघर:

जॅकेटबद्दल थोडं.

टांगायला तारेचा हँगर नको. खांद्याला ४-५ सेंटिमीटर रुंदीचा लाकडी हवा, नाहीतर खांद्यावर दोन टोकं उभी राहतात. मेंढीचं मऊ नापा चामडं ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं असतं, ते ताणलं की परत येत नाही. खिसे रिकामे करा. लाँड्रीतून आलेलं प्लॅस्टिकचं कव्हर त्याच दिवशी काढा. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा खोळ शिवून चढवा. डांबरगोळ्या कसर थांबवतात, बुरशी नाही, आणि वास महिनोन्महिने जात नाही.

सुरकुत्या: आधी दोन-तीन दिवस नुसतं टांगून बघा, बहुतेक जातात. नाही गेल्या तर इस्त्री रेशमाच्या आकड्यावर, वाफ बंद, मध्ये तपकिरी कागद, एका जागी ५ सेकंदांच्या वर नाही. ओलसर जॅकेटला इस्त्री कधीच नको.

चेन सुटत असेल तर दात क्वचितच खराब असतात, रनर सैल झालेला असतो. पकडीनं रनरची मागची कड दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबा, एका वेळी केसभर. अडकत असेल तर धातूच्या दातांवर मेणबत्ती घासा. तेल टाकू नका, ते शेजारच्या चामड्यात शिरतं.

चेन बदलून घेताना शिंप्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: नवा टाका जुन्याच भोकांतून. चामड्याला सुईनं पडलेलं भोक कापडासारखं मिटत नाही. जुन्या रांगेशेजारी नवी रांग मारली किंवा कपड्यासारखा २ मिलिमीटरचा बारीक टाका घातला, तर पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची ओळ तयार होते आणि चामडं तिथूनच फाटतं. टाका ३.५ ते ४ मिलिमीटर, चामड्याची सुई, नायलॉनचा दोरा. सुती दोरा दमट हवेत कुजतो.

साबर आणि स्वेडला, म्हणजे लव असलेल्या चामड्याला, वरचं पाणी-तेल काहीच लावू नका. पांढरा खोडरबर आणि ताठ ब्रश, बस. तेलाचा डाग पडला तर त्यावर कोरडी मुलतानी माती जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा, गरज पडली तर पुन्हा.

टोरांटोकर:

इथलं उलटं गणित नोंदवून ठेवतो, कारण भारतातून आणलेली जॅकेटं आणि कोल्हापुऱ्या पहिल्याच हिवाळ्यात चिरल्याच्या तक्रारी इथल्या मराठी मंडळींत नेहमी असतात. हीटर चालू झाला की घरातली आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते. नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा कंडिशनर लावावाच लागतो. कपाटात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवू नका, इथे त्याची गरज नाही.

रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात, त्याची पांढरी रेघ बुटावर आणि जॅकेटच्या काठावर उमटते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग, फडक्यानं टिपून काढा, मग साध्या पाण्यानं. त्याच रात्री करा. त्या मिश्रणात बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइडही असतं, आणि ते चामड्यात मुरलं की तो भाग कडक होऊन आकसतो.

रापी:

टोरांटोकरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक धोक्याची सूचना. कपाटातली ओल ओढायला प्लॅस्टिकचे डबे मिळतात, वर पांढरे दाणे आणि खाली पाणी साठतं ते. त्यांतले दाणे बहुधा कॅल्शियम क्लोराइडचेच. डबा कलंडून ते पाणी जॅकेटवर सांडलं तर तो भाग वाचत नाही. ठेवायचाच असेल तर कपाटाच्या तळाशी, परातीत, आणि वर काही टांगलेलं नको.

सिलिका जेल सुरक्षित, पण बंद डब्यातच उपयोगी. लोखंडी कपाटाच्या फटींतून हवा येत-जात राहते, दाणे काही दिवसांत भरून जातात. ६०-७० लिटरचा घट्ट झाकणाचा डबा असेल तर २०० ते २५० ग्रॅम घ्या. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास. परत नारिंगी होतात. वस्तू आत ठेवण्याआधी पूर्ण सुकलेली हवी. ओली वस्तू बंद डब्यात म्हणजे बुरशीसाठी खास खोली. कोरडी झाल्याची खात्री नसेल तर सुती खोळीत, उघड्यावर ठेवलेली बरी.

उघडं कपाट असेल तर आतली हवा जराशी गरम ठेवणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. २५ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांवर नेली की आर्द्रता ६३-६४ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण बुरशीला लागतं तितकं ओलसर राहत नाही. पूर्वी यासाठी कपाटात पिवळा बल्ब लावत. एलईडीनं हे होत नाही, तो तापत नाही. बल्ब कपड्याला टेकला तर आग लागते, म्हणून कपाटासाठी मिळणारा कमी वॉटचा हीटर रॉड तळाशी बसवा आणि त्याच्यापासून ३० सेंटिमीटरपर्यंत काहीही नको. साधा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा ६० च्या खाली असेल तर निर्धास्त राहा.

निळाई:

एक शेवटचं. पट्ट्याला नवं भोक पाडायचंय. खिळा तापवून पाडतात तसं चालेल?

सुईदोरा:

नको. तापलेल्या खिळ्यानं भोकाची कड जळून ठिसूळ होते, आणि नुसता खिळा ठोकला तर चामडं कापलं न जाता चांदणीसारखं फाटतं. बक्कलच्या ताणानं तीच चीर वाढत जाते. ४ मिलिमीटरचा गोल पंच घ्या, चक्रीचा असेल तर उत्तम. आधीच्या भोकापासून मध्य ते मध्य २५ मिलिमीटर मोजा, दोन्ही कडांपासूनचं अंतर सारखं आहे ना ते पट्टीनं बघा, खाली लाकडी पाट ठेवा आणि एकाच दमात दाबा. पंच नसेल तर कुठल्याही चपला शिवणाऱ्याकडे दोन मिनिटांचं काम आहे. नव्या भोकाच्या आत मेणाचा तो लेप काडीच्या टोकानं फिरवा, तिथली कापलेली कड उघडी असते आणि घाम आधी तिथूनच आत शिरतो.